आधी खांदा, मग तोंड

आमच्या ऑफिसात एका शुक्रवारी दुपारी सगळ्यांच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली गेली. एकच. ध्यान शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, ही मनुका पाच मिनिटं खायची. आधी नुसती बघा, मग बोटांत फिरवा, वास घ्या, जिभेवर ठेवा, चावण्याची घाई करू नका. मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडे शिऱ्यात घालतात हो," आणि ते कोणीतरी मीच होते. सगळे हसले, बाईसुद्धा हसल्या. पण मग मी ती मनुका खरंच पाच मिनिटं खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. शेवटी बाईंनी सांगितलं की असंच लक्ष घरच्या माणसांकडे द्या, नाती आपोआप सुधारतील. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

बाई बरोबरच सांगत होत्या. मला त्यांची टिंगल करायची नाही. मी घरी जाऊन काय केलं ते मात्र सांगायचंय, कारण ते अजून घशाखाली उतरत नाही.

आम्ही लालबागला राहतो. जिथे आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे आणि त्यात अकराव्या मजल्यावर आमची जागा. घरात तिघं. मी, माझा नवरा आणि माझे बाबा. आई गेली तेव्हा बाबांना भाड्याच्या खोलीतून मी माझ्याकडे आणलं, त्याला आता तीन वर्षं होतील. बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. ज्या मिलच्या जागेवर माझं परळचं ऑफिस आहे ती बाबांची मिल नव्हे, तिच्या शेजारची. बाबा एकदा माझं ऑफिस बघायला आले होते. लॉबीतल्या लादीवर चप्पल घासून म्हणाले, "गुळगुळीत आहे."

साचेखात्यात माणसाला माणसाचं ऐकू येत नसे. शेकडो साचे एकदम चालले की ओरडून घसा फाटला तरी शेजारच्याला कळायचं नाही. म्हणून तिथली माणसं ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. त्याला एक रीत होती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या खांद्यावर समोरच्या बाजूने दोन बोटं ठेवायची. मागून नाही. मागून धरलं तर माणूस दचकतो आणि दचकला की हात नको तिथे जातो. बोटं ठेवली की थांबायचं. तो तुटलेला धागा जोडत असला तर त्याचा धागा जोडून होऊ द्यायचा. मग तो आपणहून वळतो, आणि तोंडासमोर तोंड आलं की बोलायचं. बाबा नवीन लागले तेव्हा त्यांना साचा शिकवणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. आधी खांदा, मग तोंड, मग बोलणं.

बाबांचे कान त्या खात्यातच गेले. घरी आम्हाला त्याचं काही वाटत नसे, कारण आईने सगळं जमवून घेतलं होतं. चाळीत फळ्यांची जमीन होती. आई स्वयंपाक करता करता उजव्या पायाची टाच दोनदा आपटायची, त्याचा थरार बाबांच्या तळपायाला लागायचा आणि ते वळून तिच्याकडे बघायचे. मग ती ओठांनीच विचारायची, चहा? ते मानेने सांगायचे. दोघं भांडायचेसुद्धा असंच, आवाज न काढता, आणि शेजारणी दारात उभ्या राहून हसायच्या. मलाही ओठांनी बोलता यायचं. वरच्या गॅलरीतून बाबा खाली चौकात असताना मी "पिक्चरला जाऊ?" असं विचारलेलं आहे आणि "एकटी नाय" असं उत्तर मिळालेलं आहे. एकही शब्द कोणाला ऐकू न जाता.

मग शिक्षण, नोकरी, लग्न, आणि ते सगळं मी कधी सोडून दिलं मलाच कळलं नाही. टॉवरमध्ये जमीन टाइल्सची. टाच आपटली तर टाच दुखते आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो.

बाबा माझ्याकडे आल्यावर मी पहिलं काम केलं ते कानाचं मशीन आणलं. चांगलं आणलं. बाबांनी ते लावलं, आणि विचारलेल्या सगळ्याची उत्तरं बरोबर यायला लागली. मी खूश. माझ्या नवऱ्याने एक-दोनदा म्हटलं, "अगं, समोर असलं तरच उत्तर येतं. बाथरूममधून हाक मारली तर ढिम्म." मी म्हटलं, तुझ्या हाकेला मीही ढिम्मच असते. विषय तिथे संपला. मशीन आहे म्हटल्यावर मी बाबांशी कुठूनही बोलायला लागले. पाठमोरी, फ्रिजमध्ये डोकं घालून, फोनवर बोट फिरवत. ते "हो, हो" म्हणायचे. त्या "हो, हो"ला काही अर्थ नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

बाबांची खांद्यावर बोटं ठेवायची सवय मात्र गेली नव्हती. उलट गेल्या गणपतीनंतर ती वाढली. मी पोळ्या लाटतेय, दोन बोटं खांद्यावर. मी लॅपटॉपवर बसलेय, दोन बोटं. वळून "काय?" म्हणावं तर पुष्कळदा काही नसायचंच. "जेवलीस?" नाहीतर "पाऊस थांबला." मला चीड यायची. दिवसभर ऑफिसात माणसं अंगावर येतात, घरी तरी कोणी हात लावू नये असं वाटायचं. माझा स्वभाव तसा तिखटच. आई म्हणायची, हिच्या जिभेला मालवणी मसाला लावून पाठवलंय.

मनुकेच्या त्या वर्गानंतर मी घरी श्वासावर लक्ष ठेवायला बसू लागले. रोज संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून, दहा मिनिटं डोळे मिटून. नवऱ्याला ताकीद दिली होती. बाबांनाही सांगितलं होतं, बहुतेक पाठमोरीच. दिवाळी नुकतीच झाली होती. मी बसले होते, श्वास आत, श्वास बाहेर, छान लक्ष लागत होतं, आणि खांद्यावर दोन बोटं आली.

मी खांदा झटकला. नुसता झटकला नाही, त्यांचा हात उडाला इतक्या जोरात झटकला. मग वळले, आणि तोंडावर म्हटलं, "बाबा, दहा मिनिटं शांत बसू द्या ना मला. सारखं काय हात लावता?"

ते माझ्या समोर उभे होते आणि दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर होता. शब्द न् शब्द त्यांनी वाचला. त्यांनी मान हलवली, "बरं," म्हणाले आणि आत गेले. मी पुन्हा डोळे मिटले. उरलेली मिनिटं मी श्वास मोजले, हे मला आठवतंय, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मोजणी न चुकता शंभरापर्यंत गेली होती.

त्यानंतर बाबांनी मला हात लावला नाही. एकदाही नाही. घर शांत झालं. ते आपल्या खोलीत पलंगावर बसून असायचे, जेवायला बोलावलं की यायचे. पुढच्या वर्गात बाईंनी विचारलं, कोणाला घरी काही फरक जाणवला का? मी हात वर केला. सगळ्यांसमोर सांगितलं की माझे वडील आता सारखे मधे मधे येत नाहीत, मला वाटतं माझी शांती त्यांच्यापर्यंत पोचली. बाई म्हणाल्या, किती छान. आठवलं की अजून कानशिलं तापतात माझी.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत बाबांच्या ताटाशेजारचं पाण्याचं भांडं वरचेवर कलंडायला लागलं. त्यांचा हात भांड्याला लागायचा आणि पाणी थेट आमटीत. मी म्हणायचे, बघून तरी करा. मग ते दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. सकाळी शिवाजी पार्कला चालायला जायचे, बसने, वर्षानुवर्षांचा क्रम, तोही बंद केला. विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला. मी नवऱ्याला म्हटलं, वय झालं आता. इतकं सगळं माझ्या समोर मांडून ठेवलेलं होतं आणि मी मनुकेच्या सुरकुत्या मोजत बसले होते.

शिमग्याच्या सुमाराला बाबा खाली मार्केटच्या तोंडाशी रस्ता ओलांडताना पडले. बाजूने हातगाडी येत होती, ती त्यांना दिसलीच नाही. गाडीवाला ओरडला असणार, तेही त्यांना कळलं नाही. गुडघा सोलला, हाताला मुका मार लागला, एवढ्यावर निभावलं. पण तिथल्या ओळखीच्या मसालेवाल्या बाईने मला फोन केला तेव्हा एक वाक्य बोलली. "तुझ्या बाबाक बाजूचा दिसना नाय गो. माका कधीचा कळलासा."

मसालेवालीला कळलं होतं. मला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. एका अंधाऱ्या खोलीत मशीनपुढे बसवून तपासणी करतात. हनुवटी टेकवायची, मधे बघत राहायचं आणि बाजूला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी मुलगी तोंडाला मास्क लावून सांगत होती, "आजोबा, दिवा दिसला की दाबा. कळलं ना?" बाबा म्हणाले, "हो, हो." आणि बटण दाबलंच नाही. ती पुन्हा मोठ्याने म्हणाली. पुन्हा "हो, हो". ती माझ्याकडे वळली, "यांना समजत नाहीये का?"

मी म्हटलं, मशीन आहे की कानाला. आणि त्यांच्या कानातलं मशीन काढून बघितलं. त्याचं बॅटरीचं झाकण उघडलं तर आत काही नव्हतं.

तिथे काय वाटलं ते सांगता येत नाही मला. हा माणूस तीन वर्षं माझ्या समाधानासाठी कानात रिकामं मशीन घालून वावरत होता. मी जे जे पाठमोरी बोलले, फ्रिजमधून बोलले, दुसऱ्या खोलीतून बोलले, ते सगळं वाऱ्यावर गेलं होतं. मी त्यांच्या समोरच्या बाजूला गेले. दोन बोटं त्यांच्या खांद्यावर ठेवली. ते दचकले, पण वळले. खोलीत अंधार, माझं तोंड दिसणार कसं, म्हणून फोनचा टॉर्च लावून मी माझ्याच तोंडावर धरला आणि आवाज न काढता, पूर्वी गॅलरीतून बोलायचे तसं, ओठांनी सांगितलं. दिवा. दिसला. की. दाबा.

बाबांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्यासारखं झालं. "असं होय," म्हणाले. "मग आधी सांगायचं ना."

तपासणीचा कागद आला. पानभर काळं, आणि मधे टिकलीएवढं पांढरं. काचबिंदू. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, नजर कडेकडेने जाते, मधली शेवटी जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायची, रोज औषधाचे थेंब घालून. मग विचारलं, "त्रास केव्हापासून आहे?" मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांनी आम्हाला कधी काही सांगितलंच नाही." आणि तोच प्रश्न बाबांना ओठांनी विचारला.

बाबा म्हणाले, "गणपतीच्या आधीपासून. हिला सांगितलेलं मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. त्यांचे उपकारच म्हणायचे. मी खाली येऊन बस नाही, टॅक्सी नाही, बाबांचा हात धरून परळच्या फुटपाथवर नुसती उभी राहिले. मला आठवतच नव्हतं. कधी सांगितलं, कुठे सांगितलं, मी काय म्हटलं. डोक्याला ताण देऊन बघितलं. मग घरी आल्यावर बाबांनीच सांगितलं. मी भाजी चिरत होते, समोर फोन उभा करून ठेवला होता. ते म्हणाले, कडा काळ्या दिसतात. मी म्हटलं, "हं, बघू या." फोनवर काय चाललं होतं ते बाबांना माहीत नाही, आणि मलाही नाही.

त्यांच्या कानातल्या रिकाम्या मशीनबद्दल विचारलं तर म्हणाले, "बॅटरी घातली की खातं चालू होतं डोक्यात. सगळाच आवाज. माणसाचं काय कळत नाय. तू हौसेनं आणलंस, म्हणून घालत होतो." रागाने नाही म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. समोरच्याचं लक्ष आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं, त्याचा धागा तोडायचा नाही, मग तोंडाकडे बघून बोलायचं, ही विद्या माझ्या घरात दोन बोटांवर उभी होती आणि मी ऑफिसात मनुका हातात घेऊन ती शिकायला गेले. आणि शिकलेलं घरी करून बघायला बसले असतानाच मी ती बोटं झटकली. खांद्यावर हात ठेवून बाबा थांबले असते हो. दहा मिनिटं थांबले असते. त्यांना थांबायचंच शिकवलेलं होतं.

आता सकाळी सातला आणि रात्री जेवणाआधी मी त्यांच्या डोळ्यांत औषध घालते. दोन वेगळी औषधं आहेत. एकाचा थेंब घातला की डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, आणि दुसऱ्या औषधाच्या आधी पाच मिनिटं थांबायचं. पहिल्या आठवड्यात त्या पाच मिनिटांत माझा हात फोनकडे गेला. एकदा नाही, रोज गेला. माझं हे असं आहे, पालथ्या घड्यावर पाणी. मग मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसू लागले. बाबांची डावी भुवई तुटलेली आहे, मधे एक रेघ आहे तिथे केस उगवत नाहीत. साच्यातला धोटा, आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, उडून लागला होता, तेव्हाचा व्रण. एवढी वर्षं मी तो बघितला नव्हता. म्हणजे दिसला असणार.

मी समोरून बोलते. सावकाश बोलते. खांद्यावर बोटं ठेवते, ते वळेपर्यंत थांबते. नवराही शिकला, माझ्यापेक्षा लवकर. पण बाबा अजूनही माझ्याजवळ आले की दोन हात लांब उभे राहतात आणि मी बघेपर्यंत वाट बघतात. मी बघितलं नाही तर परत जातात. हे मला एकदा नवऱ्याने सांगितलं. किती वेळा परत गेले असतील ते मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मला आतून पोखरत होती. दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळी त्यांना काय सांगायचं होतं? मला खात्री होती की डोळ्यांचंच. कडा आणखी आत आल्या असणार, ते घाबरले असणार, आणि सांगायला आले असणार. तेव्हा ऐकलं असतं तर चार महिने वाचले असते. चार महिन्यांत किती नजर गेली हे डॉक्टर सांगत नाहीत. मी रोज ठरवायचे विचारायचं, आणि रोज भ्यायचे.

गेल्या रविवारी सकाळी पहिला थेंब घातला. त्यांनी कोपरा दाबून धरला, मग डोळे उघडले. मी समोर स्टुलावर बसले होते. खांद्यावर बोटं ठेवली आणि ओठांनी विचारलं. "दिवाळीनंतर. मी डोळे मिटून बसले होते. तुम्ही हात ठेवलात. काय सांगायचं होतं?"

पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, एकेक शब्द. त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "काय नाय गो बाय. सांगायचं काय नव्हतं."

"मग हात का ठेवलात?"

"हात ठेवला की तू वळतेस," ते म्हणाले. "वळलीस की तुझं तोंड दिसतं. दिसतंय तोवर बघून घेत होतो."

म्हणजे तेव्हाची ती सगळी दोन बोटं. जेवलीस? पाऊस थांबला. प्रत्येक वेळी मी कपाळाला आठ्या घालून वळले होते, आणि त्यांनी ते बघून घेतलं होतं. बघायला आल्यावर त्यांना दुसरं काय मिळालं माझ्याकडून?

मला रडू फुटलं. ते त्यांना दिसलं, मी अगदी मधेच होते ना. मी त्यांचा हात उचलला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. तो हात तिथे राहिला, जड. मी मुद्दाम हलले नाही. मग त्यांनी तो सावकाश काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"पाच मिनिटं झाली असतील," बाबा म्हणाले. "दुसरं औषध घाल."